परतीला एक ओळ पुरत नाही

प्रिय पोरी,

तुझ्या गयानाच्या जंगलातल्या झाडं मोजायच्या मोहिमेची एक्सेल शीट मिळाली. आज दुपारी जेवण झाल्यावर चष्मा लावून सगळी वाचली, रंगीबेरंगी आहे, आवडली मला. पहिल्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत कुठला प्लॉट, किती झाडं, बरोबर कोण, दुपारच्या डब्यात काय, पाऊस आलाच तर काय, सगळं आहे. आणि मग सगळ्यात खाली त्रेचाळिसाव्या दिवसासमोर एकच शब्द, 'रिटर्न'. मी दोनदा खाली स्क्रोल करून बघितलं की अजून काही राहिलंय का. नाही राहिलेलं. म्हणून हे पत्र. लांबणार आहे, चहा घेऊन बस.

हसू नकोस, पण माझ्या २००७ च्या वहीत पण हेच होतं. शेवटच्या पानावर 'परत' असं लिहून पुढे एक बाण काढलेला, बाणाच्या टोकाला 'कुडाळ'. जणू दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या इवोक्रामा जंगलातून निघालं की थेट कुडाळ स्टँडला उतरायचं. त्या बाणापायी माझे नऊ दिवस गेले, एक्केचाळीस नमुने गेले आणि एक चांगला माणूस कायमचा तुटला. पहिल्या दोन गोष्टी मी विसरले, तिसरी अजून टोचते, त्यावर येते पुढे.

आधी तो देश नीट डोळ्यासमोर आण, कारण तुझ्या शीटमध्ये तो नकाशासारखा सपाट दिसतोय. गयाना म्हणजे साधारण दोन तृतीयांश महाराष्ट्र, दोन लाख पंधरा हजार चौरस किलोमीटर, आणि माणसं किती तर सगळ्या देशात मिळून आठ लाखांच्या आसपास. म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी. त्यातली बहुतेक सगळी समुद्राकाठच्या पट्टीत राहतात, जिथली जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे आणि बांध घालून, झडपा लावून ती कोरडी ठेवलीये (आपल्या कोकणातल्या खारभूमी बंधाऱ्यांसारखंच, फक्त डचांनी सुरू केलेलं आणि प्रचंड मोठं). ती पट्टी सोडली की उरतं ते जंगल. देशाचा ८५ टक्के भाग. इवोक्रामा एकटंच ३ लाख ७१ हजार हेक्टर आहे, आपल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या तीनपट, आणि ते १९८९ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी कॉमनवेल्थच्या बैठकीत जगाला संशोधनासाठी देऊ केलं होतं, कायदा मग १९९६ मध्ये झाला. एवढ्या जंगलातून राजधानीला, म्हणजे जॉर्जटाऊनला, यायला रस्ता एकच. जाताना तोच आणि येतानाही तोच.

तो रस्ता बघितलास की तुला गावाची आठवण येईल, मला आली होती. जांभा गं, अक्षरशः आपला जांभा! लाल धूळ, लाल चिखल, कपडे धुतले तरी लाल. जॉर्जटाऊन ते लिंडेन डांबरी आहे, तासा-दोन तासात पोचतेस, लिंडेन म्हणजे बॉक्साइटच्या खाणींचं गाव. तिथून पुढे लेथमपर्यंत साडेचारशे किलोमीटर कच्चा. हल्ली लिंडेनपासून माबुरापर्यंतचा भाग पक्का करायचं काम सुरू केलंय, पण तू त्याच्या भरवशावर राहू नकोस, काम चालू असलेला रस्ता पावसात कसा असतो हे मुंबई-गोवा हायवेने आपल्याला चांगलंच शिकवलंय. मध्ये कुरुपुकारीला एसेक्विबो नदी लागते. गोदावरीचा पूर डोळ्यासमोर आण, तसं पाणी बारा महिने. आम्ही ती नेहमी तराफ्यासारख्या फेरीवरून ओलांडायचो, ट्रक, मिनीबस, गुरं, माणसं सगळं एकत्र. फेरी दिवसाच चालते आणि रात्री जंगलाच्या रस्त्याचं गेट बंद होतं, गाड्यांखाली जनावरं मरू नयेत म्हणून. म्हणजे गाडीला दुपारी दोन तास उशीर झाला की तुला दोन तासांचा उशीर होत नाही, एका रात्रीचा होतो. हे गणित शीटमध्ये घाल.

आणि तारखा बघ जरा. तू मार्चच्या मध्यावर निघणार, बेचाळीस दिवस काम, म्हणजे परत निघणार एप्रिलच्या शेवटी किंवा मे लागल्यावर. नेमका तिथला मोठा पाऊस सुरू व्हायचा मुहूर्त. मे ते ऑगस्ट त्या भागात असा पाऊस असतो की रुपुनुनीचं गवताळ मैदान पाण्याखाली जातं आणि अ‍ॅमेझॉनला जाणारं पाणी आणि एसेक्विबोला जाणारं पाणी चक्क एकमेकांत मिसळतं, मासे इकडून तिकडे जातात. एल डोराडोचं ते सोन्याचं सरोवर शोधत लोक शेकडो वर्षं मेले ना, ते बहुधा हेच पुराचं मैदान होतं असं म्हणतात. सुंदर आहे बघायला. त्यातून ट्रक न्यायला नाही. मी २००७ मध्ये ५ मेला निघाले होते. माबुराच्या अलीकडे समोरचा लाकडाचा ट्रक आडवा झाला, मागे आम्ही, आमच्या मागे अजून सहा गाड्या, आणि वरून पाऊस. प्रत्येक जण सांगायचा, दुसरा ट्रक ओढायला येतोय, 'जस्ट नाऊ'. हा शब्द नीट शिकून घे. तिथलं 'जस्ट नाऊ' म्हणजे आपलं 'हा काय, निघालोच, पाच मिनिटांत पोचतो'. मी पहिल्या 'जस्ट नाऊ'ला सॅक पाठीवर चढवली होती. ट्रक तिसऱ्या दिवशी सकाळी आला.

ते तीन दिवस आम्ही फरीन खाऊन काढले. कसाव्याच्या कंदाचा किसून, पिळून, भाजून केलेला रवाळ प्रकार असतो, पाण्यात भिजवला की पोट भरतं आणि महिनोन्महिने टिकतो. आपला उपासाचा साबुदाणा पण त्याच कंदाचा, त्यामुळे पहिल्या दिवशी मला भलतंच माहेरचं वाटलं, तिसऱ्या दिवशी नको नको झालं. ते असो. मुद्दा हा की परतीच्या चार दिवसांचं खाणं, पाणी आणि पैसे वेगळ्या पिशवीत बांध आणि ती पिशवी बेचाळीस दिवस उघडायचीच नाही. मॅगी संपली तरी नाही.

आता नमुने. माझ्या ट्रकवर प्रेस (पानंफुलं दाबून सुकवायची चौकट) बांधलेली होती, वरून ताडपत्री, मी निर्धास्त. कॅम्पवर असताना आम्ही रोज रात्री रॉकेलच्या स्टोव्हवर प्रेस सुकवायचो, पत्रे आणि पुठ्ठे मध्ये घालून, रोज ओले कागद बदलून. निघायच्या आदल्या दिवशी स्टोव्ह कोणाला तरी देऊन टाकला, आता काय करायचाय म्हणून. शेवटच्या चार दिवसांत गोळा केलेलं सगळं अर्धं ओलंच होतं, तीन दिवस ताडपत्रीखाली वाफेत राहिलं आणि जॉर्जटाऊनला उघडलं तेव्हा आत नुसती बुरशी, पांढरी, हिरवी, एकीला तर छान गुलाबी छटा होती. एक्केचाळीस नमुने. त्यात एक वाल्लाबा होतं फुलावर आलेलं, जे मी तीस दिवस शोधत होते आणि एकोणचाळिसाव्या दिवशी सापडलं होतं.

म्हणून तुझ्यासाठी नियम असा: शेवटचे पाच दिवस नवीन काही तोडायचं नाही. काही म्हणजे काही नाही. मोजमापं कर, टॅग तपास, फोटो काढ, पण फांदीला कात्री लावायची नाही. आणि तरी मोह झालाच (होणार, शेवटच्या दिवशीच झाडं फुलतात, हा निसर्गाचा खवचटपणा आहे) तर वर्तमानपत्रात गुंडाळून, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून साठ-सत्तर टक्के स्पिरिट ओतून घट्ट बांध, पानं काळी पडतील पण आठवडेच्या आठवडे कुजणार नाहीत. लेबल पेन्सिलीने. पेनाची शाई स्पिरिटमध्ये विरघळते आणि मग तुझ्याकडे सुंदर टिकवलेली, कुठली ते माहीत नसलेली पानं उरतात. फक्त ही पिशवी छोट्या विमानात चालायची नाही, त्यामुळे ऐनवेळी विमानाने यायचं ठरलं तर काय करायचं ते पण आधी ठरव. ती विमानं दहा-बारा जणांची असतात, सामानाबरोबर माणसाचं पण वजन करतात, सगळ्यांसमोर, काट्यावर उभं करून. जाताना कमी असलेलं माझं वजन येताना अजून कमी होतं आणि सामानाचं दुप्पट, पायलट हसला होता. डीएनएसाठी ठेवलेले पानांचे तुकडे मात्र सिलिका जेलमध्ये, जेलच्या दाण्यांचा रंग रोज बघायचा, ट्रकमध्ये बसून सुद्धा, आणि रंग बदलला की जेल बदलायचं.

सगळं एका गाडीत ठेवू नकोस. हे मी माझ्या अनुभवाने सांगत नाहीये, वॉलेसच्या सांगते. तोच तो, डार्विनच्या बरोबरीने उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा आल्फ्रेड रसेल वॉलेस. चार वर्षं अ‍ॅमेझॉन आणि रिओ नेग्रोवर राबला, त्याचा सख्खा भाऊ तिथे पिवळ्या तापाने गेला, आणि १८५२ च्या जुलैमध्ये तो 'हेलन' नावाच्या जहाजातून इंग्लंडला निघाला. त्याने आधी पाठवलेले खोके वाटेत कस्टमवाल्यांनी अडकवून ठेवले होते, ते सुद्धा त्याने सोडवून याच जहाजात चढवले. म्हणजे शेवटच्या दोनेक वर्षांचं जवळपास सगळं एकत्र. ६ ऑगस्टला भर समुद्रात जहाजाला आग लागली. त्याच्या हाताला लागला एक पत्र्याचा डबा, त्यात पाम आणि माशांची चित्रं होती आणि थोडे कपडे. दहा दिवस उघड्या होडीत काढले, मग एका जाणाऱ्या जहाजाने उचललं. त्याच्या एजंटने शहाणपणा करून दोनशे पौंडांचा विमा उतरवला होता म्हणून निदान उपाशी मेला नाही. आता तुझ्याकडे पाम आणि मासे नसतील, हार्डडिस्क असेल. तर वहीच्या प्रत्येक पानाचा रोज संध्याकाळी फोटो, तो दोन कार्डांवर, एक कार्ड तुझ्या अंगावर आणि दुसरं तू निघायच्या आधी किंवा नंतर निघणाऱ्या दुसऱ्या माणसाकडे. एकाच सॅकच्या दोन कप्प्यांत ठेवलेल्या दोन कॉप्या म्हणजे एकच कॉपी असते हे तुमच्या पिढीला मी किती वेळा सांगायचं.

बरं, आता ते तिसरं.

मला पहिल्या सीझनला झाडं ओळखून देणारा एक मकुशी (तिथली एक आदिवासी जमात) माणूस होता, पन्नाशीचा, नाव नाही लिहीत. सालीला कोयतीने जरासा छेद द्यायचा, वास घ्यायचा आणि सांगायचा. मी तीन पुस्तकं चाळून तासाभराने त्याच नावावर पोचायची. बुलेटवूड त्यानेच दाखवलं, मॅनिलकारा, म्हणजे आपल्या खिरणीचं आणि चिकूचं भावंड, चीक बघितल्यावर मी ओरडलेच होते. प्लॉटमध्ये हेक्टरभरात दहा सेंटिमीटरच्या वरची पाचशेच्या आसपास झाडं, ती सगळी त्याच्या नाकातून गेली म्हण ना. शेवटच्या आठवड्यात माझ्याकडची रोकड संपत आली. तेव्हा त्यांची सगळ्यात मोठी नोट हजाराची होती, म्हणजे जेमतेम पाच अमेरिकन डॉलर, त्यामुळे सहा आठवड्यांची मजुरी म्हणजे पिशवीभर नोटा, आणि मी हिशोबात चुकले. एटीएम वगैरे विचारू पण नकोस. त्याची तीन दिवसांची मजुरी राहिली. मी म्हटलं जॉर्जटाऊनला पोचले की मिनीबसवाल्याकडे पाठवते. तो म्हणाला, बरं. मी पाठवली पण, खरंच पाठवली, पण ट्रक अडकणं, मग बुरशीचं रडगाणं, मग परमिटची धावपळ यात ती जायला आणि त्याला मिळायला मिळून पाच आठवडे लागले.

पुढच्या वर्षी गेले तर तो भेटला, हसला, घरी नेलं, कसाव्याची भाकरी आणि पेपरपॉट (मांसाचा काळा रस्सा) खायला घातलं. आणि कामाला येतोस का विचारलं तर म्हणाला शेतावर काम आहे. त्या वर्षीही शेतावर काम, त्याच्या पुढच्या वर्षी पण. कधी एक शब्द बोलला नाही. मी चार वेळा त्या गावात गेले, तो परत माझ्याबरोबर जंगलात आला नाही. त्याच्याऐवजी आलेली पोरं चांगली होती पण माझ्या दुसऱ्या वर्षाच्या डेटात 'अनोळखी' असा शिक्का असलेली झाडं पहिल्या वर्षापेक्षा कितीतरी जास्त आहेत, तू ती शीट उघडलीस की तुलाच दिसेल, का ते मात्र कुठल्या पेपरात लिहिलेलं नाही.

तेव्हा मजुरी निघायच्या दोन दिवस आधी चुकती, सगळ्यांसमोर, वहीत सही घेऊन. आता पाच हजाराची नोट आहे पण ती गावात मोडत नाही, सुटे ने. आणि तोशाओला, म्हणजे त्यांच्या गावप्रमुखाला, आत येताना परवानगीसाठी भेटतेस तशीच बाहेर पडताना पण भेट. एक मीटिंग मागून घे, अर्धा तास पुरतो, आम्ही काय मोजलं, काय नेतोय, कुठे ठेवणार, परत कधी कळवणार. पॉवरपॉइंट नको. झाडांचा एक मोठा हाताने काढलेला नकाशा आणि त्यावर त्यांच्या भाषेतली नावं, तो शाळेत लावायला ठेवून ये. माझा २०११ चा नकाशा २०१६ मध्ये मी परत गेले तेव्हा भिंतीवर होता, वाळवीने एक कोपरा खाल्लेला, पण होता.

आणि पेपरात नावं टाक त्यांची, विचारून. डार्विनला पक्षी सोलून भरायला कोणी शिकवलं माहितीये? जॉन एडमन्स्टन. याच देशातला, डेमरारातल्या मळ्यावरचा गुलाम होता आधी. तिथे चार्ल्स वॉटरटन नावाचा एक विक्षिप्त इंग्रज जंगलात फिरायचा (हाच १८१२ मध्ये मकुशींचं कुरारे विष शोधत आत गेला होता), त्याने एडमन्स्टनला ही विद्या शिकवली, पुढे एडमन्स्टन स्कॉटलंडला गेला, मोकळा झाला आणि १८२६ मध्ये एडिनबरात सतरा वर्षांच्या डार्विनने त्याच्याकडे शिकवणी लावली. इतकी वर्षं बॉटनी शिकवून मला हे निवृत्त झाल्यावर कळलं, आणि वॉटरटन तर मला विद्यार्थिदशेपासून माहीत होता.

अंगाकडे लक्ष दे. शेवटच्या दिवसांत माणूस मनाने घरी पोचलेला असतो आणि पाय अजून जंगलात असतात. मी गमबूट निघायच्या आदल्या सकाळी एका पोरीला भेट दिले, मोठ्या उदारपणे, आणि संध्याकाळी चपलांवर नदीवर गेले. बुलेट अँट. मुंगीच आहे, पण मी दोन बाळंतपणं केलीत त्यामुळे तुलना करायचा मला अधिकार आहे, आणि हे चोवीस तास टिकतं. आणि ती मुंगी होती हे नशीब. लबारिया असता, म्हणजे तिकडचा घोणशीच्या कुळातला साप, तर मी हे पत्र लिहीत नसते. आपल्याकडची सापावरची लस आपल्या चार सापांसाठी बनवलेली असते, तिकडच्या सापावर तिचा काही उपयोग नाही, ती नेऊन निर्धास्त राहू नकोस. गमबूट लेथमला नाहीतर जॉर्जटाऊनला पोचल्यावर द्यायचे, ज्याला द्यायचेत त्याला बसने पाठव. पाळीचं सामान सुद्धा दहा दिवसांचं जास्तीचं ने, ट्रकमागे अडकलेल्या सात गाड्यांमध्ये बाई मी एकटी होते.

जॉर्जटाऊनमध्ये निदान पाच कामाचे दिवस ठेव. तुझ्या शीटमध्ये शून्य आहेत. नमुन्यांचा एक संच तिथल्या विद्यापीठाच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे सुकवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, द्यावा लागतो, आणि द्यायलाच हवा, तो त्यांचा आहे. बाहेर न्यायची परवानगी वेगळी, ती पर्यावरण खात्याकडून, आणि आत जायच्या परवानगीचा कागद दाखवून ही आपोआप मिळत नाही. सही करणारा माणूस रजेवर असू शकतो. शुक्रवार असू शकतो. आणि इकडे भारतात उतरताना प्लँट क्वारंटाइनची परवानगी आधीच काढलेली लागते, माती असेल तर फारच कडक, त्यामुळे मातीचे नमुने तिथेच कोणाकडून तपासून घेता आले तर बघ, मी तरी तेच करायची. अमेरिकेमार्गे येणार असशील तर ट्रान्झिट व्हिसा येताना पण वैध आहे ना तेवढं बघ.

त्या पाच दिवसांत तुला कोणी ना कोणी विचारणारच, इंडियातून आलीस? कुठल्या गावची? मी ज्या गेस्टहाऊसमध्ये राहायचे तिथली आंटी दर वेळी विचारायची. तिला महाराष्ट्र माहीत नव्हता, तिच्या पणज्याचं गाव बिहारमधलं कुठलं तरी, नाव चार पिढ्यांत घासून घासून ओळखू न येणारं झालेलं. ५ मे १८३८ ला पहिली दोन जहाजं आली तिथे, व्हिटबी आणि हेस्पेरस, आणि १९१७ पर्यंत मिळून दोन लाख एकोणचाळीस हजार माणसं उसाच्या मळ्यांवर आली. करारात परतीचा प्रवास लिहिलेला असायचा, पण परत गेली साधारण पंचाहत्तर हजार. शेवटचं परतीचं जहाज १९५५ चं. आंटी दालपुरी लाटता लाटता सांगायची की पणजा म्हणे दर वर्षी म्हणायचा, पुढच्या वर्षी जाऊ. त्या टेबलाशी बसून माझ्या ट्रकचं रडगाणं गाताना मला लाज वाटली होती. तू बस तिच्याकडे नाहीतर अशा कोणाकडे तरी, चवळीच्या शेंगांना ते बोरा म्हणतात, कारल्याला करैला, जेवण अगदी आपलं नाही आणि परकं पण नाही. तू चाळीस दिवसांनी कॉटवर झोपशील तेव्हा झोप लागणार नाही, हॅमॉकची सवय झालेली असते, चिडचिड होते, गाड्यांचा आवाज सहन होत नाही, तेव्हा असं एक घर लागतं.

पिवळ्या तापाची लस घेतलीसच असशील, कार्ड कुठे ठेवलंयस? पासपोर्टला स्टेपल कर नाहीतर दोऱ्याने बांध. जाताना कोणी विचारत नाही, येताना आपल्याच विमानतळावर विचारतात. लस निघायच्या निदान दहा दिवस आधीची हवी आणि कार्ड हातात हवं, नाहीतर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. माझ्या एका सहकाऱ्याचं कार्ड चेक-इन बॅगेत होतं आणि बॅग तिसऱ्याच देशात. त्याची बायको काचेपलीकडून डबा दाखवत होती.

आणि घरी आल्यावर पण प्रवास संपलेला नसतो, हे डॉक्टरलोक कोणी सांगत नाहीत म्हणून मी सांगते. व्हायवॅक्स मलेरिया लिव्हरमध्ये लपून बसतो आणि महिन्यांनी वर येतो. मला डिसेंबरात आला, सात महिन्यांनी. कुडाळात थंडीतापाने फणफणले, आमच्या डॉक्टरांनी लेप्टो धरून चालायला सुरुवात केली, त्यांचं काही चुकलं नाही, मीच सांगितलं नव्हतं की मी कुठे होते. विसरलेच होते मी. मग रक्त तपासलं, आणि लपलेल्या जंतूंसाठी चौदा दिवस प्रायमाक्विन, त्याच्या आधी जी-सिक्स-पीडीची टेस्ट, हे औषध रक्ताला सोसेल ना ते बघायला. तसंच हातापायावर एखादं फोड-जखम दोन-तीन आठवडे भरून आली नाही तर मलम लावत बसू नकोस, वाळूमाशीमुळे लेशमानिया होतो तिकडे, आपल्याकडच्या डॉक्टरला तो बघायची सवय नाही, त्यांना नाव घेऊन सांग. फोनमध्ये वर्षभराचं रिमाइंडर लाव: ताप आला तर गयाना सांगणे.

एवढंच. शीटमधली शेवटची ओळ काढून त्याजागी निदान अकरा ओळी कर, परत निघायची तारीख एक आठवडा अलीकडे आण (हो, एक प्लॉट कमी होईल, होऊ दे, झाडांवरचे २००७ चे टॅग इतकी वर्षं थांबलेत, अजून एक सीझन थांबतील), आणि रविवारपर्यंत मला परत पाठव.

आणि येताना कॅसारीपची एक बाटली आण माझ्यासाठी. कडू कसाव्याचा रस आटवून आटवून काळा घट्ट पाक करतात, पेपरपॉटमध्ये घालतात, स्टाब्रोक मार्केटमध्ये कुठेही मिळेल. झाकणाला मेण आणि वर टेप, मग दोन पिशव्या, मग जुन्या टीशर्टमध्ये गुंडाळ, आणि चेक-इन बॅगेत. माझी २००७ ची फुटली होती, आणि ती मी कुठे ठेवली होती ते वहीच्या शेवटच्या वीस पानांवर अजून दिसतं.

तुझी,
मॅडम